बोटे पांढरी पडतात तेव्हा

जुनी द्राक्षबाग मोडली की मांडवाचे अँगल काढावे लागतात. बुडाशी काँक्रीट, म्हणून हल्ली ब्रेकर भाड्याने आणतात. भाडे दिवसावर, तेव्हा तो दिवसभर एकाच गड्याच्या हातात. मग थंडीत तक्रार येते, "डॉक्टर, बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात. सदऱ्याचं बटण लागत नाही." सोबत टॉनिकची मागणी!

हा अशक्तपणा नव्हे. रोजच्या हादऱ्यांनी बोटांतील बारीक रक्तवाहिन्या व नसा बिघडतात. गारठ्यात वाहिन्या आवळतात. अमेरिकेतील बेडफर्डच्या दगडफोड्यांची बोटे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली याचसाठी तपासली होती.

यंत्र निवडताना माहितीपत्रकातील कंपनाचा आकडा पाहावा. कमी तितका बरा. मुठीला स्प्रिंग किंवा जाड रबर हवे. फार हलके यंत्रही नको, ते अंगाचा जोर लावून दाबावे लागते. छिन्नी बोथट असेल तर काम लांबते, म्हणजे हादरेही जास्त. तिला वेळेवर धार लावावी, दांड्याला ग्रीस द्यावे, फाटलेले रबर बदलावे.

आधी भोवतीची माती खणून घ्यावी, म्हणजे ब्रेकर काँक्रीटपुरताच लागतो. मूठ गच्च आवळू नये. पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदलावा. हात उबदार ठेवावेत. विडी-तंबाखू सोडावी, त्याने वाहिन्या आणखी आवळतात. बधिरपणा टिकला तर काम थांबवून लगेच दाखवावे. नसांची इजा पुष्कळदा भरून येत नाही.