मोहप्याचा माणूस आणि त्याची चार पत्रं

दलित पत्रांवरच्या या लेखमालेत आज बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’च्या छापखान्यात शिरायचं ठरलं होतं. ते राहू द्या. परवा उमरेडच्या बाजारात एका निवृत्त गुरुजींनी मला गाठलं. हातात भाजीची पिशवी आणि ओठांवर तक्रार तयार. “तुमची लेखमाला मुंबईहून निघते, पुण्यात पाणी पिते अन् परत मुंबईला जाते. ‘मूकनायक’च्या आधी आपल्याकडच्यांनी काय शाईच पाहिली नव्हती?”

पाहिली होती गुरुजी, चांगली दहा वर्षं आधी. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला ३१ जानेवारी १९२० ला. किसन फागुजी बनसोडे यांचं ‘निराश्रित हिंद नागरिक’ निघालं १९१० मध्ये. बनसोडे मोहप्याचे, जन्म १८७९ चा. आपण इकडे उमरेडला, ते नागपूर ओलांडून पलीकडे संत्र्यांच्या मुलखात. जिल्हा एकच. एवढा जवळचा माणूस मी चौथ्या-पाचव्या लेखासाठी राखून ठेवला होता, आणि मग विसरलोच.

बनसोड्यांनी एक नाही, चार पत्रं काढली. ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ ते १९२२ ‘मजूर पत्रिका’ आणि १९३० नंतरच्या दशकात ‘चोखामेळा’. मी ही नावं कित्येकदा एकाखाली एक लिहून बघितली आहेत. आधी नागरिक, मग विटाळ मोडणारा, मग मजूर, शेवटी संत. एकाच माणसाने स्वतःची ओळख चार वेळा नव्याने मांडलेली आहे. पत्राला नाव देताना माणूस जितका खरा बोलतो तितका अग्रलेखातही बोलत नाही, असं माझं मत आहे.

पहिलंच नाव बघा. ‘निराश्रित’ हा त्या काळचा शब्द, दुसऱ्यांच्या दयेचा वास असलेला. त्याच्या शेजारी मात्र ‘हिंद नागरिक’! विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या देशात, संविधानाच्या चाळीस वर्षं आधी, हा माणूस नागरिकत्व छापून मोकळा होतो. न्यूयॉर्कमध्ये १८३७ साली सॅम्युएल कॉर्निश या काळ्या संपादकाने ‘कलर्ड अमेरिकन’ नावाचं पत्र काढलं तेव्हा हे नाव का घेतलं यावर त्याने अख्खा अग्रलेख खर्ची घातला होता. आम्ही याच मातीचे, अमेरिकन या शब्दावर आमचाही हक्क आहे, असा त्याचा रोख होता. कॉर्निश आणि बनसोडे एका पाटावर बसले असते तर ओळख करून द्यायची गरज पडली नसती.

‘विटाळ विध्वंसक’ ऐकून जुन्या वाचकांना गोपाळबाबा वलंगकर आठवले असतील. कोकणातल्या त्या निवृत्त फौजीने १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. पंचवीस वर्षांनी जवळजवळ तेच दोन शब्द नागपूरकडे पत्राच्या माथ्यावर आले.

आता मजूर. इथे एका तारखेचा मोह मला आवरत नाही. १ जानेवारी १८७७ ला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केलं. आणि त्याच दिवशी नागपुरात टाटांच्या एम्प्रेस मिलची चाकं फिरली. आज तिथे मॉल आहे. एकीकडे सत्यशोधकांचा कागद, दुसरीकडे गिरणीचा धूर. आमच्या उमरेड भागातले महार पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणायचे. गिरणीच्या सुताकापडाने त्यांचे हातमाग बंद पाडले आणि माणसं भोंग्यावर कामाला जाऊ लागली. गिरणीत गेल्यावर ठरलेल्या दिवशी पगार, आणि पगारातून वर्गणीचे चार पैसे. ‘मजूर पत्रिका’ हे नाव पगाराच्या त्या रांगेतून आलं आहे, असं मी धरून चालतो.

पण पत्र निघायचं तर आधी ते खिळ्या-खिळ्याने जुळवावं लागे. शाळेच्या सुट्टीत मी उमरेडच्या एका छोट्या छापखान्यात खिळे निवडायला बसत असे. तिथले जुळारी काका मला ‘अस्पृश्य’ हा शब्द स्टिकवर लावायला देत: अ, अर्धा स, पृ, अर्धा श, य. सगळा उलटा. अर्ध्या ‘श’चं घर केसमध्ये सगळ्यांत लहान, पाच-सहा ओळींत रिकामं व्हायचं. मग दुसरं पान सोडवून खिळे परत येईपर्यंत हात बांधून बसा. ज्या पत्राच्या दर ओळीत हा शब्द, त्याच्या जुळाऱ्याचं काय होत असेल!

अंक छापला तरी वाचायचा कुणी? वस्तीत अक्षर ओळखणारे एक-दोन. आमच्या आजाला वाचता येत नव्हतं, पण बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचा अंक तो ऐकायचा. कंदिलाजवळ एखादा शाळकरी पोरगा बसायचा, आणि आजा दर दोन ओळींनी ओरडायचा, “हळू वाच बे पोट्ट्या, अक्षर गिळू नको!” अंक इतक्या घरी फिरे की घडीवर फाटायचा. मग आजी ताण्याला लावायची खळ घेऊन त्यावर कागदाची पट्टी डकवायची. शिकागोचं काळ्यांचं पत्र ‘डिफेंडर’ही असंच फिरे. १९०५ मध्ये रॉबर्ट अॅबटने तीनशे प्रतींवर ते सुरू केलं, आणि पुढे रेल्वेतले काळे पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोचवू लागले. तिकडेही एक वाचणार, दहा ऐकणार. वर्गणीदारांच्या आकड्यावरून अशा पत्रांची ताकद मोजणाऱ्यांचा मला राग येतो तो त्यामुळेच.

‘चोखामेळा’ या चौथ्या नावाने मात्र बनसोडे एकटे पडले. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं; बनसोडे धर्मांतराच्या विरोधात उभे राहिले. तरुणांना पायरीशी थांबलेला चोखोबा नकोसा झाला होता. माझं मन त्या तरुणांकडे आहे. पण म्हणून १९१० चा नागरिक पुसून टाकायचा? नागपूरकडच्या आम्हा लोकांनी थोडं तसंच केलं. गुरुजींची तक्रार मला लागली ती म्हणून.

छापखाना आता पुढच्या आठवड्यात. तोवर एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत ‘मजूर पत्रिके’चा एखादा अंक निघाला, तर कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्या घरचा ‘जनता’चा अंक मी हौसेने करून आणला आणि उष्णतेने आजीच्या खळीची पट्टी तपकिरी पडली. खालच्या दोन ओळी कायमच्या गेल्या.