शंभरातली तीन गणितं

सेकंदाला 3.38 लाख कोटी गणितं करण्याची ताकद असलेला प्रोसेसर कसोटीला बसवला, तर त्याच्या ताकदीतली शंभरातली जेमतेम तीन गणितं त्याच्या हातून होतात. आणि तरीही त्या कसोटीत तो पाच वर्षं जगात पहिला! जपानमधल्या कोबेच्या ‘फुगाकू’ सुपरकंप्युटरची ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

फुगाकूत असे 1,58,976 प्रोसेसर आहेत. फुजित्सू कंपनीचा हा ए64एफएक्स आर्म घराण्यातला, म्हणजे आपल्या मोबाइलमधल्या प्रोसेसरचा भाऊबंद. जून 2020 मध्ये फुगाकूने लिनपॅक चाचणीत पहिला नंबर पटकावला. पण लिनपॅकमध्ये मेमरीतून एकदा आणलेला आकडा पुन्हापुन्हा वापरता येतो. हवामान किंवा भूकंपाच्या गणितात ती चैन सहसा नसते. म्हणून एचपीसीजी नावाची दुसरी कसोटी लावतात; सुरुवातीला सांगितलेली कसोटी ती हीच.

तिच्यात एक अवाढव्य कोष्टक असतं. प्रत्येक ओळीत फार तर 27 आकडे, बाकी सगळी शून्यं. दर आकड्यासाठी मेमरीतून 12 बाइट आणायचे: आठ आकड्याचे, चार त्याच्या जागेचे. एवढं आणून करायचं काय? एक गुणाकार, एक बेरीज. ए64एफएक्सची मेमरी सेकंदाला 1,024 गिगाबाइट पुरवते. आता भागाकार करून बघा: फार तर 17,000 कोटी गणितं, म्हणजे पाच टक्के. उरलेली ने-आण धरली की हाती तीनच टक्के राहतात.

हे ओळखूनच फुजित्सू आणि रायकेन या संशोधन संस्थेने वेगवान मेमरी चिपला अगदी खेटून बसवली. नेहमीच्या रॅमच्या पट्ट्या ठेवल्याच नाहीत. चिपमधल्या 48 कोअरच्या वाट्याला अवघे 32 गिगाबाइट! मला हे मोठं धाडस वाटतं. पण ते आंधळं नव्हतं. औषधं, भूकंप, हवामान अशा नऊ कामांचे खरे प्रोग्राम समोर ठेवूनच ही चिप आखली गेली.

2022 मध्ये अमेरिकेच्या ‘फ्रंटियर’ने लिनपॅकमध्ये फुगाकूच्या जवळपास अडीचपट वेग गाठला, एचपीसीजीत मात्र तो मागेच राहिला, 16 पेटाफ्लॉप्सपुढे 14 (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी गणितं). अखेर जून 2025 मध्ये ‘एल कॅपिटन’ने ही कसोटीही जिंकली. लिनपॅकमध्ये फुगाकूच्या चौपट धावणाऱ्या त्या यंत्राला इथे मिळाले 17.4.