किण्वपेशीतील लोह व तांबे यांचा हिशेब

पावसाने ताण दिला व राब कोरडा पडला, म्हणजे भातरोपांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहण्याचा संभव असतो. हे लोहाच्या उणिवेचे लक्षण होय. वस्तुतः कडावच्या आसपासच्या, काळ्या दगडापासून झालेल्या जमिनीत लोहाचा तोटा नाही. परंतु हवा लागली की लोह गंजरूप होते, आणि गंज पाण्यात विरघळत नाही. भरल्या कोठारापाशी उपवास घडतो तो असा.

हीच अडचण ताडी आंबविणाऱ्या व पाव फुगविणाऱ्या किण्वाला, म्हणजे यीस्टलाही आहे. त्याने योजलेला उपाय शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासला आहे. पेशीतील लोह कमी झाले की ‘एएफटी-१’ नामक प्रथिन केंद्रकात शिरून लोह आणविणारी जनुके जागी करते. मग पेशीच्या पृष्ठावर गंजरूप लोहाचे विद्राव्य रूप होते व एक जोड-प्रथिन ते आत घेते. लोह पुरेसे होताच एएफटी-१ केंद्रकाबाहेर पडते आणि जनुके पुन्हा स्वस्थ होतात.

या जोडीतील ‘एफईटी-३’ नावाचे अर्धांग तांब्यावाचून चालत नाही, हे 1994 साली उघड झाले. म्हणजे तांबे नसेल तर लोह दाराशी असूनही आत येत नाही! म्हणून तांब्यावर ‘मॅक-१’ हा निराळा पहारेकरी नेमलेला आहे. तांबे घटले की तो त्याची आयात सुरू करतो, वाढले की थांबवितो. कारण फाजील तांबे विषच होय.

जनावरांतही हा संबंध आढळतो. केवळ दुधावर ठेवलेल्या उंदरांचा पांडुरोग नुसत्या लोहाने हटेना, तांबे देताच हटला, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 1928 साली दिसून आले.

यावरून शेतकरी बंधूंनी घ्यावयाचा बोध उघड आहे. राब पिवळा दिसताच जमिनीत लोह ओतण्याची घाई करू नये. प्रथम जुनी पाने पिवळी पडत असल्यास उणीव बहुधा नत्राची समजावी. कोवळी पडत असल्यास शक्य तर राबात पाणी धरावे. पाण्याखाली हवा तुटून लोह विद्राव्य होते. तरीही हिरवेपणा न आल्यास 100 लिटर पाण्यात अर्धा किलो हिराकस विरघळवून पानांवर फवारावा. मोरचूद मात्र मातीपरीक्षा झाल्यावाचून जमिनीत टाकू नये. गरजेपुरते घेऊन दार लावणे किण्वाला साधते. खाचरात आपण टाकलेले तांबे परत काढता येत नाही.