‘मांग’ आणि ‘नारायणगावकर’ : एका फलकावरची दोन नावे

मराठी माणसाच्या आडनावाला ‘कर’ लागला की त्याच्यामागे एक गाव उभे राहते. जुन्नरचा तो जुन्नरकर, मंचरचा तो मंचरकर. पण खुद्द गावात या आडनावाचा काही उपयोग नसतो. नारायणगावात राहणाऱ्याला ‘नारायणगावकर’ म्हणून कोण हाक मारणार? माणूस वेशीबाहेर पडला म्हणजेच ‘कर’ कामाला येतो.

मग गावाच्या आत काय चालते? आत चालतात वतनाची आणि हुद्द्याची नावे : पाटील, कुलकर्णी, देशमुख. आणि गावकुसाबाहेर? तिथे जात हेच आडनाव. दोरखंड वळणारा, हलगी वाजवणारा तो मांग. पिढ्यानपिढ्या बलुत्याच्या तुकड्यावर त्याला एवढेच नाव मिळाले.

जुन्नर तालुक्यातल्या एका तमाशा फडाने मात्र ही दोन्ही नावे एकाच फलकावर लिहिली. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’! या घराण्याचे मूळ आडनाव खुडे. पण फडावर ते आले नाही. आली ती जात आणि आले ते गाव. भाऊंची कन्या म्हणजे तमाशासम्राज्ञी विठाबाई. त्यांचा जन्म १९३५ चा, तोही पंढरपूरचा. म्हणजे ‘नारायणगावकर’ हा जन्मगावाचा दाखला नव्हे. सतत फिरतीवर असलेल्या फडाने परमुलखात सांगितलेला तो पत्ता होता.

या फलकाचा अर्थ आंबेडकरी वाचकाने नीट समजून घेतला पाहिजे. गावाने जे नाव हिणवायला ठेवले होते, ते या कलावंतांनी मोठ्या अक्षरांत रंगवून तंबूच्या दारावर लावले. लोक तिकीट काढून ‘मांग’ वाचत आत गेले. आणि ज्या गावाने वेशीबाहेर राहायला लावले, त्या गावाचे नाव याच माणसांनी महाराष्ट्रभर गाजवले. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगावपासून दूरदूरच्या जिल्ह्यांतले यात्रा कमिटीवाले तिथे सुपारी द्यायला येतात. ही ख्याती पाटलाच्या वाड्याने कमावली नाही, ढोलकी आणि घुंगरांनी कमावली.

मोबदला काय मिळाला? विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्या पुरस्काराच्या नावात ‘विठाबाई नारायणगावकर’ एवढेच आहे. फलकावरचा ‘मांग’ तेथे गळून पडला.

हे बरे झाले की वाईट? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या पाट्या जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत, हे योग्यच. गावाने लादलेली पाटी उतरलीच पाहिजे. पण कलावंताने स्वतः मिरवलेले नाव गुपचूप पुसणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात अपमान पुसला जातो, दुसऱ्यात कर्तृत्व कोणाचे होते हेच पुसले जाते. उद्याच्या पिढीला ‘नारायणगावकर’ एवढेच दिसले, तर ही कला कोणत्या वस्तीतून आली हे तिला कोण सांगणार?

नुसत्या नावबदलाने भागत नाही, हे बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत बजावले होते. त्यांचे स्वतःचे ‘आंबेडकर’ हे नावही गावावरूनच आलेले. घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्या ‘कर’ला जगात जो मान मिळाला तो गावाने दिला नाही, तो बाबासाहेबांनी गावाला मिळवून दिला.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याकडे पाहा. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. गाव बुडाले, नाव कागदावर राहिले. नारायणगावचे उलटे आहे. गाव भरभराटीला आले, पण ज्यांनी त्याचे नाव लावले त्यांच्या वाट्याला त्या गावातले किती आले?

म्हणून प्रश्न केवळ आडनावाचा नाही. ‘कर’ म्हणजे ‘त्या गावचा’. जो त्या गावचा, त्याचा गावाच्या जमिनीवर, घरावर, शाळेवर आणि सन्मानावर हक्क आहे. वृद्ध तमाशा कलावंतांचे मानधन आणि घर, त्यांच्या मुलांचे शिक्षण ही मेहेरबानी नव्हे, ती या ‘कर’ची थकबाकी आहे. पुरस्कार देणाऱ्यांनी विठाबाईंचे नाव पूर्ण लिहावे आणि ही थकबाकीही चुकती करावी.