दोन कीफ्रेमच्या मधली जागा

व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं शीर्षक पडद्यावर सरकवणं आता कोणालाही जमतं. सुरुवातीला एक कीफ्रेम टाकायची, शेवटी दुसरी. मधल्या फ्रेम संगणक भरतो. तरीही एकाचं शीर्षक डौलात येऊन थांबतं आणि दुसऱ्याचं कोणीतरी ढकलल्यासारखं येतं. कीफ्रेम दोघांच्या सारख्याच असतात, फरक पडतो तो त्यांना जोडणाऱ्या वक्रामुळे. म्हणून संपादकाची खरी कारागिरी या वक्रातच पाहायला हवी. हाताने कार्टून काढत तेव्हाही मुख्य चित्रकार ठळक पोझ काढून मधली चित्रं मदतनिसांवर सोपवी. पण ती कुठे दाट आणि कुठे विरळ यावीत, हे कागदाच्या कडेला आखून देई. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी मदतनिसाचं हे काम संगणकाकडे दिलं. त्यांच्या यंत्रणेवर पीटर फोल्डेस यांनी केलेल्या ‘हंगर’ या लघुपटाला १९७४ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. चित्रं भरण्याचे कष्ट संपले, चालीचा निर्णय मात्र माणसाकडेच राहिला.

तो निर्णय आज ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे वेळेनुसार सरकणं दाखवणाऱ्या आलेखात, बेझिए वक्राने घेतला जातो. १९६० च्या दशकात पिएर बेझिए यांनी रेनो कंपनीत मोटारींची वळणं रेखण्यासाठी तो रुळवला; सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो १९५९ पासून त्याच वाटेवर होते. समजा, २५ फ्रेममध्ये शीर्षक १,००० पिक्सेल सरकवायचं आहे. सरळ रेषेत ते दर फ्रेमला ४० पिक्सेल जातं. निघताना हिसका, थांबताना धक्का. दोन्ही कीफ्रेमचे वक्र वळवणारे हँडल आडवे करून एकतृतीयांश अंतरापर्यंत ओढले, की पहिल्या पाच फ्रेममध्ये ते २०० ऐवजी १०४ पिक्सेलच सरकतं आणि मध्यावर वेग फ्रेममागे ६० पर्यंत चढतो. वेळ तेवढाच, अंतरही तेवढंच. पण आता शीर्षकाला वजन आल्यासारखं वाटतं.

यावर कोणी म्हणेल, टोकांना वेग मंदावणारा तयार ‘ईझ’ एका बटणावर मिळत असताना हँडल ओढत कशाला बसायचं? घाईच्या कामाला ते ठीकच. पण वरून पडणारा चेंडू जमिनीजवळ वेग घेतो आणि उसळी संपताना मंदावतो. दोन्ही टोकांना सारखंच मंदावणारं बटण त्याला लावलं, तर तो जमिनीवर हळुवार टेकेल. दुसरा आक्षेप असा, की सरळ रेष निदान एकसारखी तरी असते. शेवटची श्रेयनामावली वर सरकते तिथे हे मान्य. तिला वळण दिलं, तर वाचणाऱ्याचीच पंचाईत. झूममध्ये मात्र हे टिकत नाही. चित्र १०० टक्क्यांवरून ४०० पर्यंत सरळ रेषेत वाढवलं, तर पहिल्या १०० टक्क्यांत ते दुप्पट होतं आणि शेवटच्या १०० टक्क्यांत जेमतेम तेहतीस टक्के वाढतं. आकडे समान पावलं टाकतात, डोळ्याला मात्र झूम सुस्तावत गेल्यासारखा दिसतो.

तेव्हा नवा इफेक्ट शोधायला जाण्याआधी जुन्याच कीफ्रेमचा ग्राफ उघडून पाहावा. अर्धी दुरुस्ती तिथेच होते.