घरच्या बदकांचे वन्य प्राण्यांपासून संरक्षण

सायंकाळ झाली की कोंबडी आपण होऊन खुराड्याची वाट धरते. बदक तसे करीलच असे नाही. कोणी हाकून आणले नाही, तर ते पाण्याच्या काठी जमिनीवरच रात्र काढते. अंडी देणाऱ्या पाळीव बदकांना उंच उडता येत नाही आणि झाडावर बसण्याची त्यांना सवय नसते. त्यामुळे कोल्हा किंवा रानमांजर आल्यास ती सहज बळी पडतात. कोंबडीपालनात मुरलेल्या घरीही बदके गमावली जातात, याचे मूळ पुष्कळदा या एका फरकात असते.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी प्रकल्पाचा जलाशय, ओढे व विहिरी यांच्या आधाराने बदके पाळता येतात. परंतु त्याच पाण्यावर ऊसही होतो आणि उसाच्या फडात वन्य प्राण्यांना आसरा मिळतो. ऊसतोड सुरू झाली म्हणजे तो आसरा मोडतो व प्राणी वस्तीजवळ फिरू लागतात. पुढे उन्हाळ्यात ओढे आटले की बदके पाण्यासाठी घरापासून दूर जातात. हे दोन्ही काळ विशेष जपण्याचे होत.

शत्रू कोण, हे आधी ओळखावे

नुकसान झाल्यावर घाईने उपाय करू नये. प्रथम खुणा पाहाव्यात. बदक नाहीसे होऊन पिसांची रेघ शेताकडे गेली असेल, तर कोल्ह्याचा किंवा रानमांजराचा संशय घ्यावा. अनेक बदके मारून तेथेच टाकलेली आढळल्यास ते बहुधा मोकाट कुत्र्यांचे काम असते. मुंगूस दिवसा येते, पिले पळविते व अंडी फोडून खाते. साप पिले व अंडी गिळतो आणि मागे काहीच खूण ठेवीत नाही. घार व कावळा यांचा धोका मुख्यतः पिलांना असतो.

खुराडे कसे असावे

दगडमातीच्या भिंतीतील भेगांतून मुंगूस, घूस व साप आत शिरतात. म्हणून सांधे चुना किंवा सिमेंटने बुजवावेत. जमिनीवर फरशी बसवावी, म्हणजे खालून उकरून येण्याची वाट बंद होते. फरशी शक्य नसल्यास भिंतीच्या बाहेरून जाळी एक फूट खोल पुरून तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूस वळवावा. हवेच्या झरोक्यांना अर्ध्या इंची छिद्राची जाड वेल्ड जाळी लावावी. कोंबड्यांसाठी वापरतात ती पातळ षट्‌कोनी जाळी कुत्रा दाताने फाडतो. दाराला साधी खिटी न ठेवता कडी-कोयंडा लावावा. रात्रीसाठी दर बदकामागे तीन ते चार चौरस फूट जागा पुरते.

रोजचा नेम

दिवेलागणीपूर्वी बदके हाकून आणावीत, मोजावीत व दार बंद करावे. रोज ठरावीक वेळी घरीच थोडे खाद्य दिल्यास ती काही दिवसांत आपण होऊन परतू लागतात. खाद्यासोबत पाणी अवश्य ठेवावे. सकाळी नऊपर्यंत त्यांना सोडू नये. बदके बहुतेक अंडी रात्री उशिरा व सकाळी देतात. त्यामुळे अंडी घरातच मिळतात आणि पहाटे फिरणाऱ्या कोल्ह्यापासूनही बचाव होतो. पोहण्यासाठी तळे असलेच पाहिजे असे नाही. चोच व डोके बुडेल इतके खोल पाणी टोपल्यात अंगणात ठेवावे, म्हणजे उन्हाळ्यात बदके दूर जात नाहीत. पिले पहिले तीन-चार आठवडे जाळीखाली किंवा डालग्याखाली राखावीत.

विष व फासे वापरू नयेत

कोल्हा, रानमांजर व मुंगूस यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना मारणे वा फासात पकडणे हा गुन्हा होय. विषारी आमिषाने गावातील कुत्री व गुरेही दगावतात. शिवाय हे प्राणी शेतातील उंदरांचा फडशा पाडतात, हेही विसरू नये. खुराड्यात साप दिसल्यास काठी न उचलता वनविभागाच्या कर्मचाऱ्यास कळवावे.

खाकी कॅम्पबेल जातीची चांगली मादी योग्य संगोपनात वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी देते. अशा चार माद्या एका रात्रीत गेल्या, तर मुलांच्या ताटातील अंडे जाते व घरातील बाईच्या हातचा बाजाराचा पैसाही जातो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बदके वाटण्यापूर्वी खुराडे पाहावे, आणि घरच्या मंडळींनी सायंकाळी दार लावण्याचे काम कोणा एकावर निश्चित सोपवावे.