लेकीची पाळी थांबत नाही तेव्हा

कुळगावच्या आसपास भाताची लावणी सुरू होते, तेव्हा घरात दम घ्यायला कुणाला सवड नसते. अशा वेळी तेरा-चौदा वर्षांची लेक गळून बसली, तर तिला आळशी म्हणू नका. पाळी किती दिवस चालली आहे, हे आधी विचारा.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते. या वयात 21 ते 45 दिवसांनी येणारी आणि सात दिवसांत थांबणारी पाळी नैसर्गिक समजावी. काही मुलींना मात्र दहा-पंधरा दिवस अंगावरून जाते. बहुतेक वेळा याचे मूळ हार्मोन्समध्ये असते. मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ अजून नीट बसलेला नसतो, म्हणून दर महिन्याला बीज सुटत नाही. इस्ट्रोजेन हे हार्मोन गर्भाशयाचे अस्तर वाढवते. बीज सुटल्यावर तयार होणारे प्रोजेस्टेरॉन ते धरून ठेवते. बीजच सुटले नाही, तर खाचरात पाणी चढत राहून कच्चा बांध जागोजागी फुटावा, तसे ते अस्तर वेळी-अवेळी सुटू लागते.

थायरॉईडच्या विकारानेही पाळी बिघडते. पीसीओएस हे आणखी एक कारण. त्यात पाळी लांबते, चेहऱ्यावर लव आणि मुरुमे वाढतात. पहिल्याच पाळीपासून फार रक्त जात असेल, तर रक्त गोठण्यात दोष नाही ना, हेही तपासावे लागते.

कपडा किंवा पॅड तास-दोन तासांत भिजणे, मोठ्या गाठी पडणे, चक्कर, धाप, चेहरा पांढरा पडणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, उल्हासनगरला शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथे रक्त तपासून लोहाच्या आणि गरज पडल्यास हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही भीती खोटी आहे.

"लग्न झाले की सारे सुरळीत होईल," असे म्हणून दिवस काढू नका. लग्न हा यावरचा उपाय नाही. अंगात रक्त नसताना बाळंतपण आले, तर मुलीच्या जिवावर बेतते.

आजपासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी खूण करायला लेकीला शिकवा. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या. निदानाला तिचा मोठा उपयोग होतो.